वर कोणी आहे का?

२ मार्च

आले बाई एकदाची! बसमधून उतरले तेव्हा अंगाचा नुसता खुळखुळा झाला होता. फाटकाशी एक लठ्ठ पिवळी मांजर अशी ऐसपैस पसरली होती, जणू येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी तिच्याकडेच सोपवलीय. तिला ओलांडूनच आत यावं लागलं.

जागा फार आवडली. ज्यांचं दुखणं आता बरं व्हायचं नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी चर्चनं चालवलेलं हे घर आहे. लांबलचक आणि बैठं. एका अंगाला खोल्या, दुसऱ्या अंगाला काचेचा व्हरांडा, टोकाला छोटंसं प्रार्थनाघर. माझी खोली इस्त्रीच्या खोलीला लागून असल्यामुळे भिंत कायम कोमट असते आणि उशीलासुद्धा स्टार्चचा वास येतो. मेट्रनला सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंची माझ्या खांद्याएवढी, पण शिंकल्या की शेवटच्या खोलीतला रोगी दचकून उठतो. स्वयंपाकीण बाई दिवसभर भजनं गाते, आणि देवानं तिला सगळं दिलंय, फक्त सूर दिलेला नाही.

मोठ्या बाईंनी एक गोष्ट दोनदा बजावली. इथं कुणी एकटं मरत नाही. जाणाऱ्याजवळ माणूस बसलेलं असलंच पाहिजे. शिवाय दुपारी आम्हा प्रत्येक नर्सनं, इथं सगळे सिस्टरच म्हणतात, आपल्या रोग्याजवळ बसून प्रार्थना करायची. प्रार्थना करतेस ना, असं त्यांनी विचारलं. मी बिनदिक्कत हो म्हटलं. वडील उपदेशक होते, मला सगळं तोंडपाठ आहे. देवबिव न मानणाऱ्या दादाबरोबर राहायला लागल्यापासून त्यातला एक शब्दही खरा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो विषय कशाला काढा?

५ मार्च

माझ्या वाट्याला खाणवाले आजोबा आले आहेत. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. छाती पार निकामी झाली आहे, चार शब्द बोलले की दम लागतो, तरी गप्प बसवत नाही. हातांवर कातडीखाली निळे डाग आहेत. जखमेत कोळसा राहिला की असं होतं म्हणे. मी पहिल्या दिवशी ते पुसायला गेले तर हसून हसून खोकला लागला त्यांना.

त्यांची एक गोष्ट आहे, ती रोज होते. तरुणपणी खाणीचं छत कोसळलं आणि ते एकटे आत अडकले. पाण्याच्या नळावर हातोडी ठोकून ओरडत राहिले, वर कोणी आहे का? कित्येक दिवस वरून काही आलं नाही. मग, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, एका क्षणी त्यांच्या लक्षात आलं की आपण हे खाणीतल्या माणसांना विचारतच नाही आहोत. त्याहून वर विचारतो आहोत. अंधार तोच राहिला, पण एकटेपण गेलं. पुढं त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते गात होते, असं काढणारे सांगायचे.

अजूनही काही हवं असलं की अंगठीनं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठोकतात आणि हाळी देतात, वर कोणी आहे का? मग मी डोकवायचं आणि म्हणायचं, आहे हो आजोबा, आहे!

९ मार्च

प्रार्थना करताना माझ्या तोंडून शब्द पाढ्यासारखे येतात. आजोबा मात्र माझा हात घट्ट धरून ऐकतात, जणू मी पाणी पाजते आहे. भांडं रिकामं आहे हे मला माहीत आहे, त्यांना नाही.

दादाला फोन केला होता. त्यानं विचारलं की मी तिथं नर्स आहे की पोपट. हसले मी. पण लागलं.

१३ मार्च

आज जे झालं ते बरोबर झालं की नाही, कळत नाही.

आजोबांना रात्रभर झोप नव्हती. दुपारी म्हणाले, पोरी, तू शिकलेली आहेस, तुला एक विचारतो. कधी कधी वाटतं, ते मला काढायला खणतच होते, मी ठोकलं नसतं तरी पोचले असते. मग तेव्हा कुणी ऐकलं होतं का माझं? खरं सांग.

त्यांना आधार हवा होता. माणूस बुडताना हात वर करतो तसं ते विचारणं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी सांगितलं, आजोबा, कुणी ऐकत नाही. अंधारात एकटं पडलं की मन स्वतःची समजूत घालतं. खणणाऱ्यांकडे नकाशा होता, म्हणून ते पोचले. वर कोणी नाही.

खोटं बोलायचा कंटाळा आला होता, असं मी स्वतःला सांगते आहे. पण ते वाक्य बोलताना मला बरं वाटलं होतं. हुशार वाटलं होतं. दादासारखं.

आजोबांनी माझा हात सोडला. रागानं नाही. नको असलेली वस्तू खाली ठेवावी, तसा.

१५ मार्च

प्रार्थना नको म्हणतात. सूप नको म्हणतात. गोष्टही सांगत नाहीत. छताकडे बघतात आणि ठोकत राहतात. मी गेले की माझ्याकडे बघतात, आणि मी काय हवंय म्हणून विचारलं की नजर पुन्हा छताला लावतात. त्यांना मी नकोच आहे. दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात ते, आणि तो नाही असं मी त्यांना सांगून बसले आहे.

मोठ्या बाईंना सांगायला हवं होतं. व्हरांड्यात दोनदा समोर आल्या. मी चादरींबद्दल बोलले.

१६ मार्च

आजोबा गेले.

दुपारची वेळ होती. मी इस्त्रीच्या खोलीत चादरी मोजत होते. ठोके ऐकू आले. नेहमीपेक्षा जोरात, घाईघाईनं. मग त्यांची हाक. मला कळलं होतं, ही शेवटची घाई आहे. कुठल्याही नर्सला कळतं. पण मला त्या डोळ्यांसमोर उभं राहवेना. ही एवढी घडी घालून जाते, म्हटलं. मग आणखी एक. मग आणखी एक.

ठोके थांबले. त्यानंतरही मी आणखी एका चादरीची घडी घातली.

आत गेले तेव्हा तोंड उघडं होतं आणि डोळे छताला लागलेले. असा चेहरा मी इतक्या वर्षांत कुणाचा पाहिला नाही. माणूस दचकून जागा व्हावा, तसा.

मोठ्या बाईंना मी सांगितलं की मी जवळ होते. शांतपणे गेले.

१७ मार्च

त्यांची लेक आली होती. माझे दोन्ही हात डोळ्यांना लावून रडली. शेवटी बाबा काय म्हणाले, असं विचारलं. मी म्हणाले, त्यांनी प्रभूचं नाव घेतलं.

ती हसली. रडता रडता हसली.

मी हे लिहिते आहे आणि माझ्या हातांना अजून तिचे डोळे ओले लागताहेत.

२० मार्च

त्या खोलीत आता शिवणवाल्या आजी आल्या आहेत. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले. जीभ सुईसारखीच आहे. माझ्या गणवेशाची शिवण बघून म्हणाल्या, ही कुणी शिवली, त्याला माझ्याकडे पाठव.

दुपारी डोळे मिटून प्रार्थना चालली होती. त्यांनी मधेच थांबवलं. आधी खालच्या गृहस्थाला उत्तर दे म्हणाल्या.

मी विचारलं, कुठल्या गृहस्थाला?

म्हणाल्या, पलंगाखालून विचारतोय तो. बिचारा केव्हापासून विचारतोय, वर कोणी आहे का म्हणून.

२२ मार्च

मीही ऐकलं.

लख्ख ऊन होतं. पडदे उघडे. फरशीखालून, खूप खोलातून. ठक, ठक, ठक. मग काही वेळ काही नाही, जसं कुणी कान देऊन थांबावं. मग पुन्हा.

नळवाल्याला बोलावलं. त्यानं दोन फरशा काढून दाखवल्या. खाली मातीच. नळ त्या बाजूनं जातच नाही, तळघर नाही, काही नाही. तो ओणवा होऊन दाखवत होता आणि ठोके त्याच्या गुडघ्यांखाली पडत होते. त्याला ऐकू येत नव्हते.

आजींच्या पांढऱ्या चादरीवर काळा ठसा होता. झटकला तर बोटांना कोळसा लागला.

२४ मार्च

आता ते एका खोलीत राहिलं नाही. शेजारच्या खोलीतले पोस्टमन आजोबा, त्यांनाही ऐकू येतं. पलीकडच्या बाईंनाही. फक्त जाणाऱ्या माणसांना. आणि मला.

सगळी छताकडे बघायला लागली आहेत. आज पोस्टमन आजोबांनी प्रार्थनेतून हात काढून घेतला. खालचा माणूस एवढं विचारतोय आणि त्यालाच उत्तर नाही, तर मला कुठलं, म्हणाले.

शिवणवाल्या आजी रडत होत्या. त्या! म्हणाल्या, सिस्टर, मला भीती नव्हती गं. इथं येईपर्यंत नव्हती.

माझं एक वाक्य. एका माणसाला सांगितलेलं एक वाक्य —

२५ मार्च

बॅग भरली. दादाला फोन केला. तो म्हणाला, थकवा आहे, कानांना भास होतात, गोळी घे आणि घरी ये. त्याचं सगळं बरोबर होतं. प्रत्येक शब्द बरोबर. आणि त्यातला एकही शब्द मला आजींच्या उशाशी नेऊन ठेवता आला नसता. हे आजवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बॅग तशीच ठेवून मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. चादरींचं. लेकीला सांगितलेलं खोटं. माझ्या पाठ प्रार्थना.

वाटलं, हाकलून देतील. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, शंका मलाही येते बाळ, कित्येक वर्षं येते आहे. ती आली की मी तिला बसायला खुर्ची देते. घराची किल्ली देत नाही. तुला शंका होती याचं देवाला काही वाटत नसेल. तू तिला त्या म्हाताऱ्याच्या उशाशी नेऊन बसवलीस आणि स्वतः बाहेर निघून आलीस.

मग म्हणाल्या की आता जाऊन त्याला उत्तर दे, मी तुझ्याबरोबर त्या खोलीत येते. मी नको म्हटलं. त्यांनी हट्ट केला नाही. प्रार्थनाघरात बसते, म्हणाल्या.

२६ मार्च

लेकीला फोन करून खरं सांगितलं. सगळं.

  ती म्हणाली, तुम्ही मला तेवढंही ठेवलं नाहीत. आणि फोन ठेवला.

तिचं बरोबर आहे.

आजींना दुसऱ्या खोलीत हलवलं. उद्या दुपारी त्यांची खोली रिकामी असेल.

२७ मार्च, दुपार

आत आहे. दार लावलंय. खुर्चीवर बसून मांडीवर वही घेतली आहे, लिहीत राहिलं की उठून पळून जावंसं वाटत नाही.

ऊन फरशीवर. ठोके तिथेच. उन्हाच्या मधोमध.

वर येताहेत. कालपेक्षा वर. फरशीच्या फटींतून काळं काही — धूळ. माझ्या बुटांवर.

विचारलं त्यानं. स्पष्ट. अगदी पायाखालून. वर कोणी आहे का?

मी म्हटलं, आजोबा, मी आहे.

ठोके थांबले. मग म्हणाले — त्यांचाच आवाज, दम लागलेला — तू नाही पोरी. तू सांगितलंस ना, कोणी नाही म्हणून. मग मी इथं कुणाला —

मी गुडघ्यांवर आले आहे. वही फरशीवर. फरशी गार आहे, फार गार, हलते आहे —

त्यांना म्हटलं, मला माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखं बोलले. तुम्ही मरत होता आणि मी चादरींच्या घड्या घालत होते. माझी क्षमा — नाही, क्षमा नंतर. आधी तुम्ही.

पाठ केलेलं एकही वाक्य आठवत नाही. एकही नाही. बरं झालं.

म्हटलं, प्रभू, हा माणूस तुला हाक मारतो आहे. मी तुझ्या दारात उभी राहून त्याला घरात कोणी नाही म्हणून सांगितलं. तू आहेस. पुन्हा म्हणते, तू आहेस. मी नकाशा बघून म्हणत नाही. याला एकट्याला सोडू नकोस. माझं काय ते नंतर बघ —

फरशी थांबली.

खालून, हळू, आमेन. त्यांचा. खरखरीत.

मी आमेन म्हणते आहे. लिहिता लिहिता म्हणते आहे. मोठ्या बाई नाहीत इथं, दार बंद आहे, मी पाहिलं, बंद आहे — आमच्या दोघांच्या आमेनमागून आणखी एक आवाज — खालून नाही — वरून — तो आजोबांना नावानं हाक मारतोय —

आणि आता मला