पट्टीवरची तार

४ ऑक्टोबर
आज वाईट काम केलं. गवत कापायच्या मशीनची पट्टी दांड्याला तारेने बांधली. ती दाबून धरली तरच पातं फिरतं. सोडली की थांबतं. आजारपणानंतर बाबांच्या उजव्या हातात पकड राहिली नाही. दर दहा पावलांवर मशीन बंद! बंगल्याच्या बाई वरून बघत होत्या. "जमतंय ना? नाहीतर दुसरा माळी बघते."
म्हणून तार. तीन वेढे, पीळ उजवीकडे. आता मशीन थांबायचं नाही — बाबा पडले तरी.

५ ऑक्टोबर
झोप नाही.

७ ऑक्टोबर
म्हटलं, "बाबा, मशीन मी धरतो, तुम्ही दाताळ्याने गवत ओढा."
"मशीन माझं! तू कडा काप. आणि कात्रीला आधी धार लाव. गवत कापतोस की उपटतोस?"
धार लावली. मशीन सुरू झालं की मी पाठ करूनच कडा कापतो. बघवत नाही. जेवताना बाबांची बोटं मोजली. दहा.

९ ऑक्टोबर
संध्याकाळी तार चाचपली. पीळ डावीकडे! माझ्या हातून असं होत नाही. भीतीने डोकं फिरलंय. पुन्हा उजवीकडे दिला.

१० ऑक्टोबर
पातं तीक्ष्ण आहे. ('तीक्ष्ण' कसं लिहितात ते दोनदा तपासलं.) उतारावर सकाळी दव असतं आणि बाबांच्या चपला झिजून गुळगुळीत झाल्यात. बूट पुढे केले तर म्हणाले, "मी काय लढाईवर चाललोय?" आई हसली. तिला तारेचं सांगायला तोंड उघडलं — आणि पाणी मागितलं.

१२ ऑक्टोबर
उद्या तार काढणार. बाईंनी हाकललं तर हाकललं.

१३ ऑक्टोबर
नाही काढली. बाबा सकाळी शीळ घालत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

१४ ऑक्टोबर
बाबा उतारावर घसरले. पाय थेट मशीनखाली! मी कात्री टाकून ओरडत धावलो.
पोचेपर्यंत मशीन बंद झालं होतं. पाय शाबूत. चपलेचा अंगठा तेवढा उडाला.
पट्टीवर तार नव्हती. मी काढली नव्हती!

१५ ऑक्टोबर
बाबांनी खिशातून तार काढून माझ्या हातावर ठेवली. "दुसऱ्याच दिवशी सोडली. डाव्या हाताने धरतो आता, जमतं."
"मग संध्याकाळी बांधलेली कशी असायची?"
"मीच बांधायचो. एकदाच पीळ उलटा पडला. तू रोज येऊन चाचपायचास. म्हटलं, सुटलेली दिसली तर काम जाईल म्हणून हा घाबरेल."