तीन काटे आणि एक टोचन

ता. १२ फेब्रु. ८४, रवि.

गाडी दिवसभर द्वारका चौकाच्या पुढे, बशीरभाईच्या गॅरेजात. मीटर बसवायला घेतले. तीन. पाण्याच्या गरमीचा, ऑइलच्या दाबाचा, बॅटरीच्या चार्जिंगचा. कंपनीने दिलेला लाल दिवा असून नसल्यासारखा. इंजिन बसल्यावर लागतो.

बशीरभाईला हसू आवरेना. "पगारे, तुमको मीटर? अहो, गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की तुम्ही इथं चहा पिता पिता सांगायचे, कौनसा सिलिंडर मार खा रहा है. आता काय शोबाजी?"

म्हटलं, वय झालं. थोडी शोबाजी करू द्या.

खरं कारण त्याला सांगितलं नाही. इंजिन नीट ऐकू येत नाही आता. डावा कान गेल्यातच जमा, उजव्याचं तळ्यात-मळ्यात. घरात सु.ला माहीत नाही, दिनकरलाही नाही.

मीटरची पट्टी चार भोकांची मिळाली. एक रिकामं राहिलं. बशीर म्हणाला, राहू द्या, काही सुचलं तर तिथं लावू.

ता. १५ फेब्रु., बुध.

सकाळची पाळी. सातपूरला कारखान्यात कामगार सोडले. तिन्ही काटे जागेवर. पण नजर रस्त्यावर ठेवायची की काट्यांवर? पूर्वी नजर रस्त्यावर आणि कान बॉनेटमध्ये, असं आपोआप वाटून दिलेलं होतं. आता डोळ्यांनाच ओव्हरटाइम. घरी येईपर्यंत कपाळ ठणकतं.

इंजिन ऐकू येत नाही, पण कानात जनरेटर मात्र सुरूच. जेवताना, झोपताना. बंद करायला बटण नाही.

दोष कुणाला देणार. लग्न झाल्यापासून सु. स्टेजवर आणि माझं बूड जनरेटरशेजारी. खेड्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून आमच्या गायन पार्टीचा जनरेटर आमच्याबरोबर. तेल बघ, दोर ओढ, व्होल्टेज पडू देऊ नकोस. लोक तिला ऐकायचे, मी त्याला.

ता. १९ फेब्रु., रवि.

आज टोचनचं, म्हणजे मागे ट्रेलर ओढायच्या हुकाचं काम. सु.चा घसा सारखा बसतो. डॉक्टर म्हणाले, डिझेलचा धूर नको. जनरेटर इतकी वर्षं गाडीतच, तिच्या पायांशी. रात्रभर गायची आणि सकाळी त्याच वासात झोपून यायचं. आता त्याला मागे ट्रेलरवर टाकायचा. ट्रेलर दिनकरने भंगार बाजारातून आणला, चाकं बरी आहेत. दिनकर म्हणजे सु.चा धाकटा भाऊ, पार्टीतली ढोलकी त्याची. "दाजी, गाडीला शेपूट आलं!" म्हणून सगळ्या गॅरेजला सांगत होता.

बशीरने चासीला लोखंडी चॅनेल मारून हूक वेल्ड केला. त्यात पिन. वर एक जाड साखळी. मी म्हटलं, पिन असताना साखळी कशाला, उगाच खडखडाट. तो म्हणाला, "खडखडाट तुमको कहाँ..." मग पान्याकडे बघत म्हणाला, "साखळी राहू द्या, पगारे. माझं ऐका."

दुपारी एक जीप आली होती. बशीरने सवयीने हाक मारली, "जरा कान लावा." वाकलो. काही नाही, नुसती घरघर, आणि ती जीपची की माझीच, तेही कळेना. तोंडाला येईल ते बोललो, टॅपेट ढिले आहेत. बशीर "बरं" म्हणाला. संध्याकाळी बघितलं तर तो जीपचा फॅन-बेल्ट बदलत होता.

मीटर त्याने मोठ्या तोंडाचे निवडले होते. आता कळलं का ते.

ता. ४ मार्च, रवि.

काल पेठच्या बाजूला कार्यक्रम. ट्रेलर लावून पहिलीच फेरी. घाटात ओझ्याने गरमीचा काटा वर चढला, दोनदा थांबलो. दिनकर वैतागला. "दाजी, पूर्वी तुम्ही न थांबता न्यायचे. मीटर आल्यापासून तुम्ही घाबरट झाले." बरोबर आहे. पूर्वी इंजिन सांगायचं, अजून दमलो नाही, चल. काटा असं काही सांगत नाही. नुसता वर जातो.

स्टेजवरून उतरल्यावर सु.ने नेहमीचं विचारलं, "कसं झालं?"

"छान."

"वरचा सूर लागला?"

"लागला की."

लोकांकडे बघून सांगतो मी. पुढच्या रांगेतले म्हातारे तंबाखू मळायचे थांबले की समजायचं, गाणं चढलं. काल थांबले होते. मध्येच परत मळायला लागले, ते तिला सांगितलं नाही.

ता. १ एप्रिल, रवि.

जयंतीचा सीझन तोंडावर. कमिट्यांचे लोक तारखा घ्यायला घरी येतात. कॉलनीत कुणाकडे इतके पाहुणे नसतील. जयभीम, चहा, तारीख.

दुपारी सु. गरम पाणी घेऊन जवळ बसली. म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, यंदा सीझन सोडा, घशाला सुट्टी द्या. तुम्हीच सांगा. माझा आवाज फाटतोय का? दिनकर तोंडावर सांगायचा नाही. बाकीचे तर वाहवाच करतात. मी तुमच्या शब्दावर जाते."

मी काय सांगणार. 'माहीत नाही' म्हणावं तर का माहीत नाही ते सांगावं लागतं. ते सांगितलं की गाडी बंद. गाडी बंद म्हणजे पार्टी बंद. दिनकरला चालवता येत नाही, आणि अपरात्री परक्या ड्रायव्हरबरोबर ती खेड्यापाड्यांत जाणार नाही.

"फाटत बिटत नाही. मनाचे खेळ तुझे."

तिचा चेहरा खुलला. संध्याकाळी निफाडकडच्या मंडळींना तारीख देऊन टाकली. चांदवडकडच्यांनाही.

तारखा मीच वहीत लिहून घेतल्या.

ता. १५ एप्रिल, रवि.

काल निफाडच्या बाजूला. गर्दी म्हणजे गर्दी, द्राक्षाच्या मळ्यातून परस्पर आलेली माणसंसुद्धा. मी नेहमीप्रमाणे मागे जनरेटरपाशी. सकाळी आवराआवर करताना आपण होऊन म्हटलं, "काल आवाज काय घुमला!"

सु. साडीची घडी घालत होती. थांबली.

"अर्धा वेळ माईक बंद होता. तशीच गायले मी."

"मी इकडे होतो ना, जनरेटरपाशी. इथं काय कळतंय."

"हं." घडी पुरी केली तिने. गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

दिनकर म्हणतो, माईकची वायर कुणाच्या तरी पायात आली. सगळा गाव ओरडत होता म्हणे, माईक, माईक.

ता. २२ एप्रिल, रवि.

सगळं क्रमाने लिहितो.

चांदवडकडून उजाडल्यावर निघालो. सु. आणि दिनकर मागे गाद्यांवर झोपलेले. आग्रा रोड, कांद्याच्या बैलगाड्या, ट्रक. ट्रेलर हुकात मी स्वतः घातला होता. पिनच्या टोकाची क्लिप लावली की नाही, आठवत नाही. लावली असणार. नसेलही.

गाडी जड वाटायला लागली. काटे बघितले. पाणी ठीक, ऑइल ठीक, चार्जिंग ठीक. वाटलं, समोरचा वारा आहे. परत बघितले. तिन्ही जागेवर. आरशात बघायचं सोडून मी काट्यांकडे बघत होतो.

एक मोटारसायकलवाला बाजूला येऊन हात नाचवायला लागला. वाटलं, पुढे जायचंय त्याला. वाट दिली.

मग मागून कुणी कॉलर धरली. सु. मधल्या जाळीच्या फटीतून हात घालून ओढत होती, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा तट्ट. ब्रेक मारला. मागून दणका बसला, तो मात्र पाठीला कळला.

पिन निघाली होती. ट्रेलर नुसत्या साखळीवर, दांडा डांबरावर घासत, डावी-उजवीकडे झोकांड्या खात येत होता. कितीतरी लांबून. दिनकर म्हणाला, ठिणग्या उडत होत्या, आवाज तर असा की पुढच्या वस्तीतली माणसं रस्त्यावर आली. आम्ही दोघं जाळी बडवत होतो, दाजी, तुम्ही आपले चाललाय.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी कांद्याच्या गोण्यांवर गाडीची वाट बघत बसली होती. ट्रेलर गोण्यांना लागला. ती वेळेवर उठली, एवढंच. कांदे सगळ्या रस्त्यावर. ती माझ्यापुढे येऊन हातवारे करत काही बोलत होती. मी प्रत्येक वेळी "माफ करा मावशी, माफ करा मावशी" म्हणत होतो. ती थांबेना, मी थांबेना. शेवटी दिनकरने मला बाजूला घेतलं.

"दाजी, ती विचारतेय, 'बाबा, तुला लागलं नाय ना? कांद्याचं ऱ्हाऊ दे, तू खाली बस.' आणि तुम्ही काय माफी मागत सुटलाय?"

बसलो. सगळे कांदे त्या दोघांनी आणि म्हातारीने गोळा केले. सु. घर येईपर्यंत माझ्या पाठीमागे जाळीला धरून उभी.

साखळी नसती तर. बशीरभाई, तुमचे उपकार.

ता. २३ एप्रिल, सोम.

पाळीला गेलो नाही. कामगारांना निरोप पाठवला, गाडी आजारी आहे.

सु. मेथी निवडत बसली होती. मी पेपर वाचत होतो. पेपरच्या वरून सहज बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती, आणि डोळे भरलेले. कितीतरी वेळ काही विचारत असावी.

मग जवळ येऊन, समोर बसून, सावकाश म्हणाली, "कधीपासून?"

सांगितलं. सगळं. मीटर कशाला बसवले तेही.

मला वाटलं, गाडीवरून बोलेल. बोलली तेही. "माझा भाऊ असतो गाडीत. कामगार असतात. काल ती म्हातारी गेली असती." मान खाली घालून ऐकत होतो, म्हणजे ऐकू येईना, म्हणून तिने हनुवटी धरून माझं तोंड वर केलं. मग जे म्हणाली ते गाडीबद्दल नव्हतं.

"पेठला छान. निफाडला छान. मी घशाला सुट्टी द्यायची का, तर नको, मनाचे खेळ. इतके दिवस मी कुणाला विचारत होते?"

तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बशीरभाईला कळलं असणार," ती म्हणाली. "मलाच मेलीला नाही." आणि उठून मेथी चुलीवर टाकली. जास्त मीठ पडलं होतं. दोघांनी तशीच खाल्ली.

ता. २९ एप्रिल, रवि.

कान तपासायला सिव्हिलला जायचं ठरलंय. कधी, ते ठरलं नाही. ट्रेलर बशीरकडे. दांडा सरळ केला, पिनला आता क्लिप आणि वर तार. तो म्हणाला, "कान का मैंने नहीं पूछा, आपने नहीं बताया. गलती दोनों की." मी म्हटलं, नाही, माझीच. पाळीची गाडी सध्या त्याचा पुतण्या चालवतो.

कालचा कार्यक्रम जवळचाच, शब्द दिलेला. नाही म्हणता आलं नाही. गाडी मीच नेली, सावकाश, ट्रेलरशिवाय. जनरेटर तिथल्या मंडपवाल्याचा. सु. आता मागे झोपत नाही, माझ्या शेजारी बसते. मागून हॉर्न आला की माझ्या गुडघ्यावर एक चापट. थांबायचं असेल तर दोन. अख्ख्या रस्त्यात तिचा डोळा लागला नाही. ज्या बाईला झोप मिळावी म्हणून ट्रेलर केला, तिची झोपच मी घेतली.

तीनच गाणी म्हटली तिने. बाकी दिनकरच्या ढोलकीवर पोरांनी रेटलं. मी जनरेटरपाशी बसलो नाही. पहिल्या रांगेत, म्हाताऱ्यांमध्ये बसलो. तिचे ओठ दिसत होते. गाणी पाठ आहेत, त्यामुळे ओठ बघून माझं मीच ऐकलं. त्यात आवाज तिचा लग्नाच्या वर्षीचा होता.

येताना, गाव मागे पडल्यावर तिने माझ्याकडे तोंड केलं. ओठ स्पष्ट.

"कसं झालं?"

जिभेवर 'छान' आलंच होतं. गिळलं.

"सुमन, मला माहीत नाही."

ती समोर बघत राहिली. मला वाटलं, रडते. गुडघ्यावर दोन चापटा बसल्या. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. तेव्हा ती परत माझ्याकडे वळली.

"मलाही कळत नाही हो. गाणाऱ्याला आपला आवाज आतून वेगळा येतो. म्हणून तर तुम्हाला विचारायचे."

दिनकर मागे घोरत होता, हे तिने सांगितलं. दोघंही हसलो थोडं.

पट्टीतल्या रिकाम्या भोकातून वारा येतो. तिने पदराला हात पुसला, रुमाल काढला आणि भोकात कोंबला. घशाला वारा नको म्हणाली.

उद्या पेठची माणसं येणार आहेत, बुद्धपौर्णिमेची तारीख घ्यायला. त्यांना काय सांगायचं, तो विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.