बावीस तारखेचा शेरा

येलहंका, बेंगळूर
सोमवार, १५ जुलै १९९६

तीर्थस्वरूप सौ. अनुसूया अक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे सूर्यकांतचा, साष्टांग नमस्कार. (स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसून घातलाय, तू तो आडवा समजून घे.) इकडे सर्व ठीक, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. तुझा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तू 'बरा आहे' एवढंच लिहिलंस, आणि अक्षर प्रत्येक ओळीत उजवीकडे घसरत गेलं होतं. नवा चष्मा लागला असावा. दाजींना सांग, चष्म्याचं दुकान बघून निवडा म्हणावं. तू पाठवलेलं माझं वर्षफल मिळालं. त्यातल्या दोन बेरजा चुकल्या होत्या, त्या लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्या आहेत. आई गेल्यापासून तू माझे ग्रह सांभाळतेस आणि मी तुझं गणित, ते असंच चालायचं.

आता मूळ गोष्ट. आमच्या शाळेला जूनमध्ये हवामानाची पेटी मिळाली. मैदानाच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी, पांढरी, झडपांची; आत तापमापक, शेजारी पर्जन्यमापक. (पहिल्याच दिवशी कमलम्माने, म्हणजे आमची प्रयोगशाळा झाडणाऱ्या बाईंनी, तिला हळदकुंकू वाहिलं. मी ओल्या फडक्याने पुसलं. आता वाटतं, राहू द्यायला हवं होतं.) रोज सकाळी साडेनऊला आकडे वहीत टिपायचे, ते काम नववीतल्या दिव्यश्रीला दिलं. ही इथल्या जुन्या मराठ्यांची मुलगी. फार बोलत नाही, बघत मात्र बराच वेळ राहते. पाच तारखेला सहीसाठी वही उघडली, तर तिने एकतीस जुलैपर्यंतचे सगळे रकाने भरून ठेवलेले. कमाल, किमान, पाऊस, शेरा, सगळं. रविवार तेवढे कोरे. आकडे मी वाचलेसुद्धा नाहीत, इतका राग आला.

वर्गासमोर तासभर बोललो. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहिणं म्हणजे विज्ञानाचा गळा घोटणं, वगैरे. (बीएस्सीला दोरी तुटलेल्या लंबकावर मी अचूक उत्तर काढलं होतं, हे तुला माहीत आहे, तिला माहीत असायचं कारण नाही.) विचारलं, हे आणलंस कुठून? ती म्हणाली, "रोज लौकर यायला बस नाही सार. म्हणून एका दिवशी बसून स्वल्प विचार केला, दिसलं ते लिवलं." मी ठरवलं, वही पुरावा म्हणून तशीच ठेवायची, पुढच्या तारखा तपकिरी कागदाने झाकायच्या, आणि रोज स्वतः आकडे घेऊन शेजारी लाल शाईने लिहायचे. खोटेपणा आपोआप मुलांपुढे येईल.

सहा तारखेला कमाल २७.४ आलं. कागद एक ओळ खाली सरकवला, तिचंही २७.४. योगायोगाची शक्यता किती, हे मी वर्गाला फळ्यावर काढून दाखवलं. आठ तारखेला पाऊस ६.२, तिचाही ६.२, तेव्हा फळ्यावरचं गणित जरा लांबलं. नऊ तारखेच्या शेऱ्यात होतं, 'पर्जन्यमापकात पाल.' मी नरसाळं काढलं. पाल वर बघत बसली होती, बोलावून आणल्यासारखी. वर्गात कोणी हसलं नाही, अक्का.

बारा तारखेला मी एक गोष्ट केली, ती कोणाला सांगू नकोस. आदल्या दिवसभर आभाळ कोरं होतं, म्हणजे तिने शून्य लिहिलेलं असणार. कोणाचं लक्ष नसताना मी माझ्या बाटलीतलं अर्धं पाणी पर्जन्यमापकात ओतलं. (विज्ञानाच्या भल्यासाठी.) मग सगळ्यांसमोर मापनपात्राने चार खेपांत मोजलं. ३९.४. कागद सरकवला. निळ्या शाईत, तिच्या गोल अक्षरात, ३९.४. दिव्यश्री माझ्या बाटलीकडे बघत होती.

शनिवारी मी कागद पुरताच काढून टाकला. बावीस तारखेच्या शेऱ्यात लिहिलंय, 'सर आले नाहीत. आकडे कमलम्मांनी घेतले.' तेवीसलाही तेच. एकतीसपर्यंत तेच. तिला बाजूला घेऊन विचारलं, मी का येत नाही? ती पेटीकडे बघत राहिली. "ठाऊक नाही सार. पेटीजवळ कमलम्माच दिसल्या." मग माझी समजूत काढावी तसं म्हणाली, "पाऊस कमीच हाय सार त्या आठवड्यात."

मी बेचाळीस वर्षांचा आहे, रक्तदाब ठीक आहे, स्कूटर इतकी हळू चालवतो की सायकलवाले रागावतात. तरी भीती वाटते. तुझ्याशिवाय हे कोणाला लिहू?

तुझा,
सूर्या

ता. क. (मंगळवार) रात्रभर विचार केला. गैरहजर राहायचंच आहे, तर सभ्य कारणाने का राहू नये? तेव्हा एवढं कर. शनिवारपर्यंत मिळेल अशी तार पाठव: 'अनुसूया आजारी, ताबडतोब निघा.' आमच्या हेडबाई सुचेताबाई तारेशिवाय रजा देत नाहीत. (खोट्या बातमीने आयुष्य वाढतं, असं तूच म्हणतेस.) बावीसला मी तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेला असेन, शेराही खरा ठरेल आणि मीही उरेन. आणि वर्षफलात जुलै काय म्हणतो ते पुन्हा एकदा बघ. बेरजा तपासणार नाही.

ता. क. २ (शनिवार, २० जुलै) लाज वाटून पत्र चार दिवस खिशातच राहिलं. टाकलंच नाही. आणि आज शाळा सुटताना तार आली, दाजींची. 'अनुसूया आजारी, ताबडतोब निघा.' शब्दही तेच. अक्का, मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. ते घसरणारं अक्षर चष्म्यामुळे नव्हतं. मला पाल दिसली, ते दिसलं नाही.

बसचं तिकीट काढलंय. निघण्याआधी दिव्यश्रीला थांबवून ऑगस्टची नवी वही तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, पहिल्या तारखेची ओळ भर. आकडे राहू देत, फक्त शेरा लिही, सरांची अक्का बरी आहे का एवढाच. मी तिच्यापुढे हात जोडले. तिने आपले हात पाठीमागे घेतले. "नको सार," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिवायचं नाही. तुम्हीच सांगितलं." वीस वर्षं शिकवतोय, आणि माझं शिकवणं एका मुलीच्या मनात उतरलं ते नेमकं या महिन्यात.

आता हे पत्र टाकत नाही, घेऊनच येतो. लाल पेनही आणतोय. उठून बस, चष्मा लाव, आणि यातल्या माझ्या चुका काढ.