फळ्यानं लिहून घेतलेला तास

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी,

तुमच्या एकुलत्या एका मेव्हण्याचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण कंबर आता बरी आहे. तुमचा गुडघा, ताईचा रक्तदाब आणि गॅलरीतल्या कुंड्या, तिघंही ठीक असतील अशी आशा करतो. दोन महिने माझं पत्र नाही म्हणून ताईनं तुमच्यावर राग काढला असेल, तो तुम्ही नेहमीप्रमाणे सहन केला असेल, त्याबद्दल आभारी आहे. तिला सांगा, फोन करणार होतो, पण हल्ली फोनवर सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. (आमची ही तर समोर बसूनही पुटपुटते. वय झालं की व्हायचंच. तिचं म्हणतोय मी.)

पत्रास कारण की, आमच्या शाळेत फळा आला आहे. फळा तर आधीही होताच, असं तुम्ही म्हणाल. तो काढला. त्या जागी तेवढीच मोठी एक काच लावली आहे, तिला डिजिटल फळा म्हणतात, आणि ती वापरायला शिकवण्यासाठी एक प्रशिक्षक बाई आल्या आहेत. वय तुमच्या धाकट्या लेकीएवढं, पण बोलणं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरासारखं. पहिल्याच दिवशी त्या सहावीच्या वर्गात मागे उभ्या राहिल्या आणि मी आत शिरल्या शिरल्या, एकोणतीस वर्षांच्या सवयीनं, ओल्या फडक्यानं फळा पुसायला घेतला. आता त्या काचेला फडकं वगैरे कळत नाही, तिला फक्त बोटं कळतात. एकदम पन्नास बोटं लागली असं वाटून तिनं मागितलं नसताना सगळंच बाहेर काढलं. गणकयंत्र, कंपास, बेडकाचं हृदय, एक वाजणारा पियानो आणि या सगळ्यावर माझीच हजेरी. मुलं बाक वाजवायला लागली. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं बाईंनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

पण भाऊजी, त्यानंतर मी जे पाहिलं ते तुम्हाला कसं सांगू? बाईंनी एका जागी बोट टेकवायला सांगितलं आणि काचेवर पृथ्वी आली. अख्खी. अधांतरी. एकोणतीस वर्षं मी मुलांना पृथ्वी फिरते असं सांगत आलो, तेही चेंडूत पेन्सिल खुपसून, आणि खरं सांगायचं तर पुस्तकात आहे म्हणून सांगत आलो. माझा स्वतःचा त्यावर फारसा विश्वास बसलेला नव्हता. ती माझ्या बोटाखाली फिरली हो! अर्ध्या अंगावर ऊन, अर्ध्या अंगावर अंधार, आणि त्या अंधारात गावोगावचे दिवे. मी चटकन हात मागे घेतला. जोरात फिरवली तर कुठेतरी कुणाचा चहा सांडेल असं वाटलं. मग बाईंनी दोन बोटं फाकवायला सांगितली. मी फाकवत गेलो, तसा समुद्र गेला, डोंगर गेले, रस्ते आले आणि शेवटी आमच्याच शाळेची गच्ची आली. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं दिसत होतं. शिपायाला वर पाठवलं तर ते खरोखरच उघडं होतं. (चित्र चार महिन्यांपूर्वीचं असतं, असं बाई नंतर म्हणाल्या. म्हणजे चार महिने आम्ही कसलं पाणी पीत होतो हा प्रश्न मुख्याध्यापिकांनी कार्यक्रमपत्रिकेवर घेतला नाही.) त्या दिवशी घरी चालत येताना मी पाय जरा जपूनच टाकत होतो.

आता मुख्य गोष्ट. या फळ्याला कान आहेत. छताला दोन बारके माईक लावलेले असतात आणि वर्गात कोण काय बोललं ते सगळं फळा लिहून ठेवतो, म्हणजे गैरहजर मुलांना घरी वाचता यावं. मला ही कल्पना फार आवडली. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. गेली दोन वर्षं तर फारच. पूर्वी मला ओरडावं लागायचं, आता मुलं आपणहून गप्प असतात. माझा दरारा वाढला असं मी धरून चाललो होतो.

याच सुमारास सहामाहीचे शेरे भरायचे होते. आमच्या वर्गात खिडकीजवळ, शेवटून दुसऱ्या बाकावर, एक मुलगी बसते. दीड वर्षात तिनं माझ्यासमोर तोंड म्हणून उघडलं नव्हतं. शिक्षकखोलीत तिचं नाव 'मौनी' पडलं होतं (मीच पाडलं होतं). तोंडी परीक्षेत वीसपैकी दोन, तेही उभी राहिली म्हणून. पण लेखी परीक्षेत मात्र वर्गात पहिली. मी काय समजायचं ते समजलो. शेरा लिहिला, 'वर्गात एकही उत्तर देता येत नाही. लेखी उत्तरे स्वतःची असल्याबाबत शंका.' तिच्या आईला सोमवारी भेटायला येण्याचं बोलावणं गेलं होतं आणि पोरीची फेरपरीक्षा कार्यालयात, एकटीला बसवून घ्यायची, असं ठरलं होतं.

शुक्रवारी बाईंनी मला माझ्याच तासाचे छापील कागद दिले. मी मोठ्या कौतुकानं वाचायला बसलो. चाळीस मिनिटांत मी 'म्हणजे काय' एकसष्ट वेळा म्हणालो होतो, ते सोडून देऊ. पुढे असं होतं. शिक्षक: वारे कुठून कुठे वाहतात? विद्यार्थिनी: जास्त दाबाकडून कमी दाबाकडे. शिक्षक: कुणालाच येत नाही? विद्यार्थिनी: जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, सर. शिक्षक: खिडकीपाशी, तू सांग. विद्यार्थिनी: जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, सर. शिक्षक: बघा, तोंड शिवलंय. बस खाली.

असं पानोपानी. प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर आणि प्रत्येक उत्तराखाली माझं 'बस खाली'.

मी तडक मुख्याध्यापिकांकडे गेलो आणि फळा खोटं बोलतो अशी लेखी तक्रार दिली. बाईंनी शांतपणे त्या तासाचं ध्वनिमुद्रण लावलं. माझा आवाज आला, प्रश्न आला, पुढे काही नाही. बघा, म्हटलं, काही आहे का? मुख्याध्यापिका आणि बाई एकमेकींकडे बघायला लागल्या. मुख्याध्यापिकांना एकाएकी टेबलाच्या खणात काहीतरी शोधायचं आठवलं. बाईंनी आवाज वाढवला. पुन्हा लावलं. मग आणखी वाढवला. माझाच आवाज इतका मोठा झाला की कपाटाच्या काचा थरथरल्या आणि व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. आणि तेव्हा, भाऊजी, मला तो आवाज आला. कुजबुज नव्हती ती. स्वच्छ, नीट, घाई न करता बोलणारा मुलीचा आवाज. पृथ्वी फिरली तेव्हाही मी इतका थक्क झालो नव्हतो. दीड वर्षं ती माझ्याशी बोलत होती. आणि मला वाटत होतं, माझा दरारा आहे.

शेऱ्याचा कागद मी तिथल्या तिथे फाडला. आईला बोलावणं रद्द केलं. तोंडी परीक्षेचे गुण खोडून नवे लिहिले. मग वर्गात गेलो, तिच्या बाकाशेजारी अगदी जवळ बसलो आणि विचारलं, बाळ, तू कधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "मला वाटलं माझं चुकतंय, म्हणून तुम्ही बसवता. मी घरी जाऊन पुस्तकात बघायचे, तर तेच असायचं. मग मला वाटायचं, आमचं पुस्तक जुनं असेल."

मला तिथून लवकर उठता आलं नाही. दुसऱ्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले तरी मी बसूनच होतो. लाज वाटली, हे तुम्हाला सरळच लिहितो.

असो. ताईला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. १ : हे पत्र ताईला वाचून दाखवू नका. ती 'मी सांगत नव्हते?' असं म्हणेल, आणि ती ते इतक्या मोठ्यानं म्हणेल की मलाही इथे ऐकू येईल.

ता. क. २ : गेल्या सुट्टीत जेवताना तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं, तेव्हा 'भाऊजींची गाडी सुटतेय' असं मी म्हणालो होतो. सगळे हसले होते. ते वाक्य मी मागे घेतो. यंत्र कुणाकडून बसवून घेतलंत? दुखतं का? आणि शनिवारी माझी अर्धी शाळा असते, तेव्हा माझ्यासोबत याल का? एकट्यानं जायला धजत नाही. डॉक्टरांना उत्तर द्यायचं तर आधी त्यांचा प्रश्न ऐकू यायला हवा.

ता. क. ३ : पाकीट बंद करता करता लिहितो. त्या मुलीला आता पहिल्या बाकावर बसवलं आहे. आज प्रश्न विचारल्यावर ती ताडकन उठली आणि इतक्या जोरात उत्तर दिलं की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दार उघडून बघायला आले. उत्तर साफ चुकलेलं होतं. मला ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू आलं.