वरच्या चोचीचं माप

रविवार, ११ जून

दादास,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही असाल. वहिनीचा गुडघा कसा आहे ते कळव. ख्यालीखुशाली इथे संपली, आता भांडायला बसते.

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांनी लिहिलंस आणि काय लिहिलंस, तर "ते मशीन भंगारात घाल, बाबांना उगाच आशा लावू नकोस." मशीनची कल्पना कोणाची होती? बाबांचा हात थरथरायला लागला, ओतकामाचे लाकडी साचे कोरताना पटाशी घसरायला लागली, तेव्हा "आकडे सांगितले की आपोआप कोरेल असं सीएनसी मशीन घरीच बनवू" असं कोण म्हणालं होतं? सांगाडा अर्धा उभा केलास आणि गेलास. पंधरा वर्षांचं लेथवरचं काम सोडलंस आणि आता फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंग दाखवतोस. मागे राहिले मी, माझी शाळा आणि खोलीभर पसरलेल्या वायरी.

तर भंगारात काय घालायचं ते नीट ऐक. सांगाडा मी तीनदा खोलला. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावला होता, तरी चौकट तिरकीच. दोन्ही कर्ण मोजून बघावेत हे मला तिसऱ्या वेळी सुचलं, आणि मी मुलांना भूमिती शिकवते. कापणाऱ्या मोटरची वायर बाकीच्या वायरींबरोबर एकाच नळीतून नेली, तर मशीन काम करता करता मधेच भलतीकडे चालू लागायचं. वायरी वेगळ्या केल्या, तेव्हा शहाण्यासारखं वागायला लागलं. स्क्रूच्या नटात केसभर ढिला खेळ असला की मशीन जाताना एक सांगतं आणि येताना दुसरंच. आपल्या घराची सवय लागली असेल त्याला.

एवढं सगळं करून पहिलं वर्तुळ काढायला सांगितलं, तर त्याने बटाटा काढला. बाबांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "एवढं तर मी अजूनही हाताने काढतो." मला इतका राग आला की मी दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

बटाट्याचं कारण म्हणजे बेअरिंग धरणारे तुझे ते चार ठोकळे. त्यांच्याबद्दल लिहायचं मी मघापासून टाळते आहे.

बेअरिंग यायच्या आधीच तू कारखान्यात ठोकळे करून ठेवलेस. बावीस मिलिमीटरची चार भोकं. कारखान्यातली मापं सोडून मुद्दाम बाबांचं व्हर्नियर घेऊन गेलास, कारण त्यासारखं खरं माप जगात नाही अशी तुम्हा दोघांची खात्री. मग बेअरिंग आली, बाबांनी त्यातली एक ठोकळ्यात बसवली आणि ती आत खुळखुळ वाजली. चारही ठोकळ्यांत तेच. समोर बाबांचे जुने दोस्त टर्नरकाका बसले होते, तरी बाबा बोलले, "लेथवर पंधरा वर्षं काढली आणि बावीसचं भोक पाडता येत नाही. तुझ्या हातात मापच नाही." तू ठोकळे टेबलावर ठेवलेस आणि बाहेर गेलास. महिन्याभरात नोकरी सोडलीस.

गेल्या ऑक्टोबरात मी तेच ठोकळे आणि तेच व्हर्नियर घेऊन टर्नरकाकांकडे गेले. नवे ठोकळे करून द्या म्हटलं. त्यांनी व्हर्नियर मिटवलं, मोठे जबडे बरोबर शून्यावर आले. मग वरच्या दोन बारीक चोची, भोकाचं आतलं माप घ्यायच्या, त्या उजेडात धरल्या. एक बाहेर वाकलेली. "ही भोक लहान दाखवते," ते म्हणाले. "बिचारा बावीस येईपर्यंत कापत गेला असणार. कोणी पाडलं हे?"

मी म्हटलं, "काय माहीत."

मी पाडलं होतं, दादा. तू ते न्यायच्या आदल्या दिवशी, टेबल पुसताना. फरशीवर चोचीवर पडलं. मी मोठे जबडे मिटवून पाहिले, शून्य जुळलं, म्हणून पुसून डब्यात ठेवलं. बाबा तुला बोलत होते तेव्हा मला ते पडणं आठवलं होतं. तोंड उघडलं नाही. ऑक्टोबरात खात्री झाली, तरी आठ महिने उघडलं नाही.

आणि तरीही मला राग तुझाच येतो, हे तुला ऐकवणार आहे. तू भांडला का नाहीस? दुसऱ्या कुठल्याही मापाने एकदा मोजून बाबांच्या समोर आपटायचं होतंस. एवढा कसलेला माणूस एका वाक्यावर मान खाली घालून निघून जातो? तू भांडला असतास तर मला बोलावं लागलं असतं. तू गप्प बसलास म्हणून माझं निभावलं. हा राग न्यायाचा नाही, कळतं मला. येतो.

तुझं पत्र वाचल्यावर काल मी बाबांना सगळं सांगितलं. ते जेवले नाहीत. आज सकाळी व्हर्नियर घेऊन खिडकीशी बसले, चोचीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "ठोकळे चुकले. हात चुकला नव्हता. लिही त्याला."

मी म्हटलं, "तुम्ही बोलला होतात, तुम्हीच लिहा."

"माझं अक्षर आता त्याला लागायचं नाही."

म्हणून लिहिते आहे. वरचं वाक्य त्यांचं आहे, शब्द न शब्द. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, बोलूही नयेत.

टर्नरकाकांनी ठोकळे करायला नकार दिला. "त्याचा हात माझ्याहून बरा आहे, त्यालाच बोलव," म्हणाले, आणि तू आलास तर त्यांचं लेथ तुझ्यासाठी मोकळं ठेवणार आहेत. बाकी मशीन तयार आहे. चार ठोकळ्यांसाठी अडलंय.

मी माफी मागत नाही. तू लगेच "असू दे" म्हणशील आणि पुन्हा फरशा दाखवायला जाशील, ते मला नको आहे. या वेळी मान खाली घालू नकोस. ये, आणि बाबांच्या समोर माझ्याशी भांड.

तुझी दोन वर्षं खाल्लेली,
धाकटी