लंगडा चार आणि माझी सही

मी, डॉ. यशपाल जालिंदर शिवशरण, वय ७१, धातुशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही आग्रहाविना लिहीत आहे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, हात थरथरत नाहीत आणि स्मरणशक्ती अनेकांना अडचणीची वाटेल इतकी चांगली आहे. यापूर्वी २०११ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात एक खोटे विधान होते. ते लिहिताना मला ते खरे वाटत होते, ही सबब मी विद्यार्थ्यांची कधी ऐकली नाही, म्हणून स्वतःचीही ऐकत नाही.

माझ्या वकील ॲड. अंकिता यांनी कच्चा मसुदा वाचून सांगितले, “सर, मृत्युपत्रात टोमणे मारायची तरतूद नाहीये.” मी विचारले, “मनाई आहे का?” त्यांनी कायदा पाहिला. मनाई नाही.

कलम १. घर. जुळे सोलापुरातील माझे राहते घर, त्यातील फर्निचर व भांडी यांसह, माझी एकुलती एक मुलगी धम्मप्रिया हिला मिळावे. बँकेतील ठेवी व निवृत्तिवेतनाची शिल्लकही तिचीच. माझी पत्नी हयात नाही. अन्य कोणाचा हक्क नाही आणि कोणी सांगितल्यास त्याने पुरावा द्यावा. पुरावा म्हणजे काय ते पुढील कलमांत येईलच.

कलम २. ग्रंथ. धातूंवरील पुस्तके ज्या महाविद्यालयात मी एकतीस वर्षे शिकवले त्याला देऊ नयेत. तेथील ग्रंथालयात मी शेवटचा गेलो तेव्हा माझ्याच प्रबंधाच्या बाडावर चहाचा कप ठेवलेला होता. पुस्तके धम्मप्रियाने मागणाऱ्याला द्यावीत. मात्र मागणाऱ्याला आधी त्यातील एक प्रश्न विचारावा.

कलम ३. येझदी मोटारसायकल. ही मी १९८१ साली कोरी घेतली. पावती, पहिला विमा आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी खाकी पाकिटात आहेत. हिच्यात दुर्मिळ असे काही नाही. अशा गाड्या अजून रस्त्यावर दिसतात, म्हणून जुन्या गाड्यांचे दलाल हिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. ही धम्मप्रियाला मिळावी. माझ्या घरात जे निर्विवाद अस्सल आहे त्यात ही पहिली.

कलम ४. राजदूत मोटारसायकल, बार्शीहून घेतलेली. ही माझा पुतण्या सिद्धांत याला मिळावी. सिद्धांत सध्या मोबाईलवर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो आणि पाहिलेल्या प्रत्येक वस्तूला ‘रेअर’ म्हणतो. गेल्या दिवाळीत त्याने एका स्टँडलाही रेअर म्हटले. त्याच्या उपयोगासाठी येथे काही गोष्टी नमूद करतो. त्या त्याला मी तोंडी अनेकदा सांगितल्या आहेत, पण तो ऐकताना मोबाईल पाहत असतो.

गंज हा वयाचा पुरावा नव्हे. मिठाच्या पाण्यात पंधरवडाभर बुडवलेले नवे मडगार्डही म्हातारे दिसते. ‘एकाच मालकाची’ म्हणजे विकणाऱ्याला आधीचे तीन मालक ठाऊक नाहीत. ‘मिलिटरीतून काढलेली’ म्हणजे हिरवा रंग स्वस्त मिळाला. ‘हात न लावलेली’ म्हणजे धुतलेली नाही. कागद खरे असले म्हणून गाडी खरी ठरत नाही. मेलेल्या गाडीचे कागद जिवंत सांगाड्याला चिकटवणे हा या धंद्यातला सर्वांत जुना उद्योग आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे: कमी उरली म्हणजे मौल्यवान, असे नाही. कोणालाच नको होती म्हणूनही ती कमी उरलेली असू शकते. दुर्मिळ आणि नकोशी यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने भंगाराचा धंदा करावा. त्यात निदान वजनकाटा असतो.

राजदूतची टाकी मूळची नाही, हँडल दुसऱ्या मॉडेलचे आहे आणि इंजिन दोनदा उघडलेले आहे. ही तिन्ही वाक्ये गिऱ्हाइकाला वाचून दाखवूनच सिद्धांतने ती विकावी. तसे जमणार नसेल तर स्वतः चालवावी.

कलम ५. मरून रंगाची जावा मोटारसायकल. या मृत्युपत्राचे कारण हेच कलम आहे.

ही गाडी मी २००४ साली मोडनिंबजवळ हायवेवर जुन्या गाड्यांचे दुकान चालवणाऱ्या उदयसिंह याच्याकडून घेतली. १९६१ची, म्हैसूरच्या कारखान्यातली अगदी पहिल्या वर्षातली, असे त्याने सांगितले. उदयसिंहाचे सांगणे मी कधीच पुरावा मानले नाही. त्याच्या दुकानातून मी अकरा गाड्या नाकारून परतलो होतो. एकीच्या चासीवर घासलेल्या खुणा, एकीचे अंक कारखान्याच्या मानाने उथळ, एकीचे इतके सरळ की ते गेल्या महिन्यात यंत्राने कोरलेले. त्याच्या दुकानातली पोरे मला पाहिले की भिंग आले म्हणत.

या जावाच्या मानेवरचा, म्हणजे हँडलखालच्या सांगाड्यावर ठोकलेला, नंबर मी भिंगाखाली धरला आणि प्रथमच मला काही खटकले नाही. खोली योग्य होती. ठोका हाताचा होता. अंकांना एक ओळख होती. ‘हे अंक बरोबर आहेत’ असे मला आतून वाटले, आणि आयुष्यात एकदाच मी आतून वाटण्यावर सही केली. सांगाड्याचा रंग बिघडेल म्हणून आम्लाची चाचणीही केली नाही. लोकांच्या गाड्यांचा रंग बिघडताना मला असे कधी वाटले नव्हते. गाडी अस्सल व अतिदुर्मिळ असल्याचे प्रमाणपत्र मी स्वतःच लिहिले आणि जुन्या गाड्यांच्या क्लबात भिंतीवर काचेत लावले.

दोन वर्षांनी, २००६ साली, त्याच क्लबचे प्रदर्शन होते. सोलापुरात त्या काळी जुनी इंजिने बांधण्यात सिद्धप्पा कलशेट्टी यांच्या तोडीचे कोणी नव्हते. ते मूळचे मैंदर्गीचे. माझे वडील जालिंदर शिवशरण एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि त्यांच्या हाताखाली अकरा वर्षे असलेले सिद्धप्पा त्यांना मिस्त्री म्हणत. ते माझ्या जावासमोर उकिडवे बसले, मानेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “सर, ह्यो चार म्या वळखतो. ह्यो—”

पुढचे मी त्यांना बोलू दिले नाही. चाळीस माणसे उभी होती. मी म्हणालो, “सिद्धप्पा, चार ओळखायला पहिली पास व्हावं लागतं. झालास वाटतं. अभिनंदन!”

माणसे हसली. हसणाऱ्यांत त्यांना गाड्या देणारे गिऱ्हाईक होते. सिद्धप्पांनी अंगठा पँटला पुसला आणि निघून गेले. त्यानंतर क्लबातल्या कोणी त्यांच्याकडे गाडी दिली नाही. ज्याला सरांनी अडाणी ठरवले त्याच्याकडे कशाला द्यायची, असा सगळ्यांचा हिशेब. त्यांनी पुढची अठरा वर्षे मोटारपंप दुरुस्त केले. हे मला ठाऊक होते. मी ते योग्यच समजत होतो.

गेल्या नोव्हेंबरात धम्मप्रिया पुण्याहून आली असता तिने स्वयंपाकघराचा माळा आवरला. त्यात माझा शाळेतला पितळी डबा निघाला. डबे बदलू नयेत म्हणून वडिलांनी झाकणावर माझा हजेरी क्रमांक इंग्रजी अंकांत ठोकला होता: सत्तेचाळीस. त्यातल्या चारचा उभा पाय तळाशी तुटका आहे. अंक ठोकायचा पोलादी ठसा कधीतरी पडून त्याचा कोपरा उडाला होता. वडील त्याला लंगडा चार म्हणत आणि बदलत नसत. “पोहोचतो ना जागेवर?” म्हणत.

मी भिंग घेतले, डबा घेतला आणि जावाजवळ गेलो. मानेवर लंगडा चार होता. दोन ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी मी रंग खरवडला, पृष्ठभाग घासला आणि आम्लयुक्त द्रावण लावले. ठोकलेला अंक घासून काढला तरी त्याखालचे पोलाद दबलेले राहते आणि द्रावणात वेगळे उमटते. हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले. पाच मिनिटांत खालचा जुना नंबर वर आला. गाडी १९६९ची आहे. त्या वर्षाच्या गाड्या हव्या तेवढ्या मिळतात.

ठसे उदयसिंहाकडे कसे गेले याचा शोध मला फार लांब घ्यावा लागला नाही. वडील २००१ साली वारले. त्यांची हत्यारांची पेटी माझ्या व्हरांड्यात होती आणि फरशीवर गंजाचा डाग पाडत होती. माझ्या प्रयोगशाळेत परदेशी मोजमापांची उपकरणे होती. मी ती पेटी न उघडता मंगळवार बाजारात किलोवर दिली. ज्या माणसाच्या भिंगाची शहरभर धास्ती होती त्याने बापाच्या चाळीस वर्षांच्या हत्यारांवर एक नजर टाकली नाही. नंतर तेच अंक विकत घेतले, आणि ते लहानपणापासून ओळखीचे होते म्हणून अस्सल मानले. मी आयुष्यभर ज्या मूर्खांना हसलो त्यांच्यापैकी एकालाही हे जमले नव्हते.

मी मोडनिंबला गेलो. उदयसिंहाने खुर्ची दिली, चहा मागवला आणि जराही न लाजता म्हणाला, “ठसे कुणाचे मला काय म्हाईत सर? बाजारात किलोवर घेतले. विकणारा एवढ्या घाईत होता म्हणं, पेटीचं कुलूपसुद्धा काढलं न्हाई.”

मी म्हणालो, “गाडी खोटी आहे.”

“असंना. तुमची सही खरी हाय की सर. गिऱ्हाईक गाडी बघतच न्हाई, सही बघतं.”

मी ठसे मागितले. त्याने कपाटातून पेटी काढली, फुंकर मारली आणि किंमत सांगितली. मी किंमत ऐकून त्याच्याकडे पाहिले. “असा सेट आता मिळत न्हाई सर,” तो म्हणाला. “रेअर हाय.” वीस वर्षांत त्याने हा शब्द प्रथमच योग्य ठिकाणी वापरला. मी घासाघीस न करता पेटी घेतली. बनावट नंबराबद्दल परिवहन कार्यालयाला आणि पोलिसांना लेखी कळवले आहे. पोच खाकी पाकिटात आहे.

त्याच आठवड्यात सिद्धांतने माझ्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवून जावासाठी हैदराबादचे एक गिऱ्हाईक ठरवले. त्या किमतीत धम्मप्रियाचे पुण्यातले घराचे कर्ज फिटले असते. मी तिला फोनवर सगळे सांगितले. तिने किंमत पुन्हा एकदा विचारली. मग म्हणाली, “बाबा, कुणालाच कळणार नाही.”

“मला कळलंय.”

“मग नका विकू. तुम्ही काय करणार आहात?”

मी म्हणालो की मृत्युपत्रात लिहिणार आहे.

ती म्हणाली, “म्हणजे मेल्यावर. सिद्धप्पाकाकांना हसलात ते जिवंतपणी, चाळीस लोकांत. आणि चूक कबूल करणार ती मेल्यावर, बंद पाकिटात!”

ती माझीच मुलगी आहे. टोमणा कोठे थांबवायचा ते तिला कळते.

म्हणून या कलमाने असे ठरवतो: जावाबाबत मी दिलेले आणि २०११च्या मृत्युपत्रातही उतरवलेले प्रमाणपत्र खोटे असून रद्द आहे. ती कोणत्याही किमतीला विकू नये. सरकारी परवानगी मिळेल त्या रीतीने ती आयटीआयच्या वर्कशॉपला द्यावी. मानेवरचा खरवडलेला भाग तसाच उघडा ठेवावा आणि शेजारी पुढील मजकुराची पाटी लावावी: ‘या गाडीचा नंबर बनावट आहे. तो खरा ठरवणारे: डॉ. यशपाल शिवशरण, धातुशास्त्रज्ञ. तो अंगठ्याने ओळखणारे: सिद्धप्पा कलशेट्टी.’

कलम ६. पितळी डबा धम्मप्रियाला. त्यात तिने काय ठेवावे हे मी सांगत नाही. झाकण मात्र घासू नये.

कलम ७. सिद्धप्पा कलशेट्टी यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वडिलांची ठशांची पेटी आज सकाळी माझ्या हाताने त्यांना दिली आहे, तेव्हा ती माझ्या मालमत्तेत उरलेली नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये असा ॲड. अंकिता यांचा सल्ला आहे, आणि मला सिद्धप्पांची साक्ष हवी आहे. एकदा ती मी अर्ध्यावर तोडली होती.

मी विचारायला गेलो तेव्हा ते पंप उघडून बसले होते. म्हणाले, “तवा माजं ऐकलं न्हाय, आता सही कशाला?” मी सांगितले. ते पंपाचा नट घट्ट करत राहिले. मग म्हणाले, “आदी वाचनार. तुमच्या सहीवर माजा इस्वास न्हाय, सर. आनि ते पाचवं कलम तुमी मोट्यानं वाचायचं. क्लबात. तवा चाळीस मान्सं हुती.”

काल, रविवारी, क्लबच्या बैठकीत मी पाचवे कलम उभे राहून वाचले. कोणी हसले नाही. सिद्धप्पा मागच्या बाकावर होते. वाचून झाल्यावर ते उठले, बोटाने माणसे मोजली आणि म्हणाले, “सव्वीस. चौदा कमी हायत.”

त्या चौदांचा पत्ता मला लावता आला नाही. काही वारले, काही पुण्याला गेले. म्हणून माझ्यामागे हे मृत्युपत्र बंद ठेवू नये. पाचव्या कलमाची प्रत क्लबच्या भिंतीवर, पूर्वी माझे प्रमाणपत्र होते त्याच काचेत लावावी आणि ती वाचणाऱ्या पहिल्या चौदा जणांची नावे खाली लिहून घ्यावीत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. अंकिता यांनी करावी.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: सोलापूर
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५

(सही) यशपाल जालिंदर शिवशरण

साक्षीदार १: (सही) रत्नम्मा येमुल, निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी, जुळे सोलापूर.

साक्षीदार २: (सही) सिद्धप्पा कलशेट्टी, मु. मैंदर्गी, सध्या सोलापूर. व्यवसायाच्या रकान्यात मी ‘मेकॅनिक’ लिहिले होते. साक्षीदाराने ते स्वतः खोडून ‘फिटर’ असे लिहिले आहे. “मिस्त्री सोताला हेच म्हनायचे,” एवढेच ते बोलले. खाडाखोड मला मान्य आहे. य. जा. शि.