सहा तासांचा आरसा

झूटरमेर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय लहूदादा,
सप्रेम जय भीम.

आईचा गुडघा कसा आहे? इकडे बरं आहे. श्रेयसला मराठीत विचारलं तरी डचमध्येच उत्तर देतो. आजोबा गेले हे सांगितलं, तर म्हणाला, "भुसावळचे ओपा?" आजोबांनाही तो डचमध्ये ओपाच म्हणतो.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा व्हिडिओ पाहिला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबांनी तीस वर्षं लेथवरचा चालू कट कधी सोडला नाही, नीलमनेही सोडला नाही." लोकांनी माना डोलावल्या. तेव्हापासून मला घास गिळवत नाही.

बाबा गेले त्या दिवशी माझ्या लेथवर उपग्रहाच्या दुर्बिणीचा ॲल्युमिनियमचा आरसा होता. हिऱ्याच्या टोकाने शेवटचा कट, सलग सहा तास. मध्ये थांबलं तर पृष्ठभागावर रेघ उमटते, डोळ्याला दिसतही नाही, पण आरसा बाद. असं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मी, इथवर यायला सहा वर्षं लागली. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. हे तुला सांगितलंच आहे, आणि ते खरंच आहे.

पण दादा, कट सुरूच झाला नव्हता.

तुझा मेसेज आला तेव्हा मी लॉकरपाशी उभी होते. "बाबा तुझं नाव घेतायत. लगेच व्हिडिओ कॉल कर." स्क्रीनवर दिसला तसाच वाचला, उघडला नाही, म्हणून तुझ्याकडे निळी खूण आली नाही. आमचा मुख्य कारागीर पीटर शेजारीच होता.

"सगळं ठीक ना?" त्याने विचारलं.

मी नुसतं सांगितलं असतं, तरी त्याने काम उद्यावर ढकललं असतं. मी म्हणाले, "हो, ठीक." आणि कुलूप लावलं.

कामाच्या ओढीने गेले, असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. बाबांचा नळ्या लावलेला चेहरा बघायची मला भीती वाटली. सहा तास मला कुणी बोलवू शकणार नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

बाहेर आले तर तुझे चौदा मिस्ड कॉल.

आरसाही गेला. हिऱ्याची धार मध्येच कुठेतरी बारीक तुटली होती. पीटर म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरा कापू." मी तिथेच खाली बसले. त्याला वाटलं, आरशासाठी रडतेय.

क्षमा मागायला लिहीत नाहीये. ती देऊ शकणारा माणूस राहिला नाही. मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. आईला हे वाचून दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

नीलम